डोळं हायती का बटणं? बेसबॉलच्या पंचाच्या नेहमीच्या चुका आणि त्या टाळायच्या कशा

खासबागेत कुस्तीच्या पंचाचं एक बरं असतं. पैलवानाची पाठ लाल मातीला टेकली की पार वरच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यालाही दिसतं. पंचाचा हात वर जायच्या आत मैदानानं निकाल दिलेला असतो. बेसबॉलमध्ये उलटं. चेंडू प्लेटवरून, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवरून गेला की बोटभर बाहेरून, हे नीट दिसेल अशा जागी मैदानात तीनच माणसं असतात: बॅटर, त्याच्यामागे बसून चेंडू पकडणारा कॅचर आणि पंच. त्यातल्या दोघांना आपापला निकाल आधीच ठाऊक असतो. तिसऱ्यानं तो ठरवायचा, आणि बाकी सगळ्यांनी त्याला विचारायचं, "ओ पंच, डोळं हायती का बटणं?"

कोल्हापुरात या खेळाला उभे राहणारे पंच बरेचसे माझ्यासारखे. आधी सॉफ्टबॉल खेळलेले, मग शाळा-कॉलेजात क्रीडाशिक्षक झालेले, आणि एके दिवशी "सर, आज पंच कमी आहेत, उभं राहता का?" म्हणून मास्क हातात पडलेले. नियमांचं पुस्तक नंतर आलं. पंचाच्या चुका नजर कमी असल्यानं किंवा नियम कच्चा असल्यानं होतात, असं मलाही वाटायचं. बऱ्याच हंगामांनंतर सांगतो, ही दोन्ही कारणं खालच्या नंबरावर. बहुतेक चुका दोनच गोष्टींच्या: उभं राहायची जागा आणि हात वर करायची घाई.

माझीच सांगतो. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना, शेवटची इनिंग, दोन आऊट, तिसऱ्या बेसवर (रन करायला ओळीनं शिवायच्या चार ठाण्यांपैकी तिसऱ्यावर) रनर, फरक एका रनचा. शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडे) सरपटता चेंडू गेला, त्यानं झकास उचलून पहिल्या बेसला मारला. चेंडू पळत आलेल्या बॅटरच्या पावलाआधी ग्लोव्हात आला हे मी स्वच्छ पाहिलं आणि झोकात मूठ वर केली, "आऊट!" जिंकलेला संघ आत धावला. मी खाली बघितलं तर चेंडू फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हातून निसटून माझ्या बुटापाशी येऊन थांबलेला. माझी मूठ हवेत, चेंडू मातीत, म्हणजे तो आऊट नव्हताच. त्यानंतरची वीस मिनिटं मी आजही कोणाला सांगत नाही. नियम मला पाठ होता, नजर शाबूत होती. फक्त एक सेकंद थांबलो असतो तर.

सामन्याआधीचा पाऊण तास

पंच सामन्याच्या वेळेला पोचला तर त्याला उशीर झालाय असं धरा. पाऊण तास आधी जा आणि मैदान पायानं मोजा. आपल्याकडे बेसबॉलसाठी राखीव मैदान क्वचितच मिळतं. त्याच जमिनीवर सकाळी फुटबॉलचा सराव झालेला असतो, आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या भागात, क्रिकेटची खेळपट्टी असते, आणि फुटबॉलच्या जुन्या फक्कीच्या रेषा आपल्या फाउल लाइनला (खेळाच्या हद्दीच्या रेषेला) तिरक्या कापत जातात. या रेषांनी पंचाची दिशाभूल होते, हे मी पैजेवर सांगतो. शक्य असेल तिथे त्या पायानं पुसून टाका आणि फाउल लाइनवर नव्यानं फक्की मारून घ्या.

बेसमधलं अंतर ९० फूट, पिचर (चेंडू टाकणारा) पाय ठेवतो त्या रबरापासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच. टेपनं मोजा. सॉफ्टबॉलची सवय असलेला मुलगा नकळत बेस जवळ ठोकतो, आणि तसं झालं की पहिल्या बेसवरचा प्रत्येक निर्णय वादाचा होतो.

मग दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून मैदानाचे नियम ठरवा. कडेला लावलेल्या मोटारसायकलींखाली चेंडू गेला तर काय? झाडाच्या फांदीला लागला तर? प्रेक्षक कुठवर उभे राहणार? हे आधी ठरलं नाही तर सातव्या इनिंगला ठरवावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही काहीही ठरवलंत तरी एका संघाला ते पक्षपाती वाटणार.

जोडीदार पंचाशी पाच मिनिटं बोला. आऊटफिल्डला उंच चेंडू गेला तर त्याच्या मागे कोण जाणार, तिसऱ्या बेसवरचा टॅग (हातातल्या चेंडूनं रनरला शिवणं) कोण बघणार, इनफिल्ड फ्लायची (हा नियम पुढे येतो) परिस्थिती आली की एकमेकांना खूण कोणती करायची. आमची खूण छातीवर हात ठेवायची. ती केली की दोघांनाही आठवण होते. दोन पंचांनी एकाच खेळावर दोन निकाल देणं, एकाचा हात 'आऊट'ला वर आणि दुसऱ्याचे दोन्ही हात 'सेफ'ला आडवे, याच्याइतकं हास्यास्पद दृश्य मैदानावर दुसरं नाही, आणि ते टाळायला पाच मिनिटांचं बोलणंच पुरतं.

प्लेटमागे: डोकं हलवू नका

पंचाची खरी परीक्षा इथे. होम प्लेट १७ इंच रुंद. न मारलेला चेंडू स्ट्राइक झोनमधून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल; तीन स्ट्राइकला बॅटर आऊट, चार बॉलला त्याला पहिला बेस फुकट. या झोनची वरची हद्द म्हणजे खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मधोमध, खालची हद्द गुडघ्याच्या वाटीच्या खालचा खळगा, आणि हे सगळं बॅटर चेंडू मारायच्या पवित्र्यात असताना. ज्यानं आधीच कंबरेत वाकून झोन लहान करायचा डाव टाकलाय त्याच्या वाकण्यावर जाऊ नका.

आता थोडं गणित. कॉलेजचा बरा पिचर ताशी ११० किलोमीटरनं टाकतो असं धरलं, तर हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत चेंडूला अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. प्लेटची पुढची कड ते मागचं टोक हे १७ इंच तो सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात ओलांडतो. तुम्हाला न्याय द्यायचाय तो या सत्तराव्या भागावर. म्हणून डोकं दगडासारखं स्थिर लागतं. मोबाइल हलला की फोटो पुसट येतो, तसंच.

उभं राहायची जागा अशी घ्या: कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत, म्हणजे बॅटरकडच्या बाजूला. डोळे प्लेटच्या आतल्या कडेच्या वर. हनुवटी साधारण कॅचरच्या हेल्मेटच्या माथ्याच्या पातळीवर. पाय खांद्यांपेक्षा रुंद, वजन दोन्हींवर सारखं. पिचर हात मागे नेतो तेव्हा खाली बसून स्थिर व्हा. नंतर हलायचे ते फक्त डोळे. चेंडू सुटल्यापासून ग्लोव्हात जाईपर्यंत नजरेनं त्याला सोडायचं नाही, मान मात्र जागची हलू द्यायची नाही.

नव्या पंचांच्या इथल्या चुका मी बाजूला उभा राहून पुष्कळ पाहिल्या आहेत आणि स्वतः केल्याही आहेत. पहिली म्हणजे कॅचरच्या पाठीमागे बरोबर मधोमध उभं राहणं. तिथून गुडघ्याच्या पातळीचा चेंडू दिसतच नाही, कॅचरचं डोकं आड येतं, आणि मग पंच अंदाजानं 'बॉल' देतो. दुसरी, खाली येणाऱ्या चेंडूबरोबर डोकंही खाली नेणं. डोकं खाली गेलं की तो चेंडू आहे त्यापेक्षा वर वाटतो. तिसरी फार घातक: ग्लोव्ह बघून निकाल देणं. चांगला कॅचर बाहेरचा चेंडू हलकेच आत ओढतो, आणि चेंडू प्लेटवरूनच आला असं वाटायला लावतो. उलट, खालच्या कडेवरून आलेला सुंदर स्ट्राइक कच्चा कॅचर ग्लोव्ह खाली दाबून पकडतो आणि पिचरचं नुकसान करतो. चेंडू पकडला कुठे याला महत्त्व नाही, प्लेटवर असताना कुठे होता याला आहे.

झोन उगाच अरुंद करणं हाही नवख्यांचाच दोष. चेंडूचा कडेचा भाग प्लेटच्या कडेवरून नुसता चाटून गेला तरी तो स्ट्राइक. चेंडूचा व्यास तीन इंचांना थोडा कमी, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास एकेक चेंडू जादा मोजायचा. १७ इंचाची पांढरी पाटी बघून तेवढाच झोन धरणारा पंच पिचरला रडवतो, सामना चार तास चालवतो आणि स्वतःच्या कंबरेची वाट लावतो ते वेगळंच.

आकडा डोक्यात ठेवू नका. डाव्या हातात इंडिकेटर (बॉल-स्ट्राइक मोजायचं छोटं यंत्र) ठेवा आणि प्रत्येक पिचनंतर अंगठा फिरवा. दोन-तीन पिचनंतर बॉल आणि स्ट्राइक मोठ्यानं सांगत जा. चौथा बॉल झाला हे बॅटरनं पंचाला सांगायची वेळ येऊ नये.

आणि एक, मनाशी खेळणारी गोष्ट. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या आकडेवारीवरून अभ्यासकांनी दाखवलंय की तीन बॉल, शून्य स्ट्राइक असताना पंचांचा झोन नकळत मोठा होतो आणि शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना आक्रसतो. निर्णायक निकाल आपल्या तोंडून जाऊ नये अशी माणसाची धडपड असते. पोट भरायला हेच काम करणाऱ्यांचं हे होतं, तर आपलं काय घेऊन बसलात. माझा उपाय साधा आहे: पिच येण्याआधी आकडा बघायचा, इंडिकेटर बंद मुठीत घ्यायचा, आणि त्या एका पिचपुरता आकडा विसरायचा.

मशीन आणलं की प्रश्न मिटला, असं आमच्यातलेच काही म्हणतात. कोरियाच्या लीगनं २०२४ पासून बॉल-स्ट्राइकचा निकाल यंत्राकडे दिलाय. मेजर लीगनं २०२६ च्या हंगामासाठी मधला मार्ग काढला: निकाल माणूसच देतो, पण बॅटर, पिचर किंवा कॅचर त्याला आव्हान देऊ शकतो, दर संघाला सुरुवातीला दोन संधी. आपल्याकडे आव्हान द्यायला दोन नव्हे, दोनशे जण असतात. यंत्र तेवढं नसतं.

पहिल्या बेसवर: पाय डोळ्यांनी, चेंडू कानांनी

बेसवर कोणी नसताना बेसच्या पंचानं पहिल्या बेसमागे दहा-बारा फुटांवर, फाउल लाइनच्या बाहेर उभं राहायचं. चेंडू इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) सरपटला की लगेच आत दोन-चार पावलं टाकून थ्रोच्या दिशेशी काटकोन करायचा आणि बेसपासून पंधरा-अठरा फुटांवर थांबायचं. थांबायचं हे महत्त्वाचं. धावता धावता दिलेला निर्णय हा नशिबाचा भाग असतो. फार जवळ गेलात तर बेसवरचा पाय आणि ग्लोव्ह एका नजरेत मावत नाहीत.

मावत नाहीत म्हणजे काय होतं याचं मोठं उदाहरण २६ ऑक्टोबर १९८५ चं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, कॅन्सस सिटी विरुद्ध सेंट लुइस. पहिल्या बेसवर पंच डॉन डेंकिंगर. थ्रो घ्यायला उंच पिचर टॉड वॉरेल आलेला, ग्लोव्ह वर. डेंकिंगर बेसच्या जवळ होते, त्यांना ग्लोव्ह आणि पाय एकदम बघता येईनात, आणि गर्दीच्या आवाजात चेंडू ग्लोव्हात बसल्याचा आवाजही ऐकू आला नाही. रनर होर्हे ऑर्टा आऊट असताना सेफ दिला गेला. कॅन्ससनं तो सामना जिंकला, पुढचाही जिंकला, आणि सिरीज नेली.

त्यात आमच्या धंद्याची युक्ती लपलेली आहे. पहिल्या बेसवर डोळे बेसवर ठेवायचे, रनरचं पाऊल पडतं ते बघायचं, आणि चेंडू ग्लोव्हात बसल्याचा 'थप्' कानांनी ऐकायचा. थप् आधी की पाऊल आधी, एवढाच प्रश्न. थ्रो वर किंवा आडवा आला, किंवा ढोल-ताशा वाजत असेल (आपल्याकडे वाजतोच), तर आवाजावर भरवसा नाही. मग दोन पावलं मागे सरकून दोन्ही गोष्टी नजरेत घ्यायच्या.

'बरोबरीत रनरला फायदा' हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक ओरडतो. नियमात 'बरोबरी' असा शब्दच नाही. आधी काय झालं ते पंचानं ठरवायचं. चेंडू आधी आला की आऊट, नाही आला की सेफ. बरोबरी झाली असं तोंडानं कबूल केलंत की वादाचं दार तुम्हीच उघडलं.

टॅगचा खेळ वेगळा. तिथे लांबून चालत नाही. आठ-दहा फुटांपर्यंत जा, आणि रनर व ग्लोव्ह यांच्यामधली फट दिसेल अशी बाजू घ्या. फिल्डरच्या पाठीमागून टॅग बघणं म्हणजे बंद दारातून नाटक बघणं. जागा चुकली आहे असं वाटलं तर एक पाऊल टाकायला लाजू नका. टॅग सरळ न लागता फिरवून लागत असेल तर फट बदलते, त्यामुळे शेवटचं पाऊल चेंडू आल्यावरच पडतं.

आता माझी बुटापाशी आलेली चूक. त्यावरचा उपाय असा: खेळ संपेपर्यंत बघायचं, मग चेंडू शोधायचा, तो फिल्डरच्या ताब्यात आहे याची खात्री करायची, आणि मगच हात उचलायचा. झेल असेल तर फिल्डर चेंडू स्वतःच्या इच्छेनं बाहेर काढतोय का हे बघेपर्यंत थांबायचं. बाहेरून हे एका सेकंदाचं थांबणं पंच गोंधळल्यासारखं दिसेल असं वाटतं. नाही दिसत. उलट घाई दिसते. मी मनातल्या मनात "बघितलं... चेंडू?... आऊट" म्हणतो. बायको म्हणते हल्ली दुधाचा हिशेब करतानाही मी असाच थांबतो.

फेअर की फाउल: तोंड जपा

चेंडू फेअर (फाउल लाइनच्या आत) की फाउल (बाहेर) हे चेंडूच्या जागेवरून ठरतं, फिल्डरच्या पायांवरून नाही. फिल्डर फाउल लाइनच्या बाहेर उभा असून त्यानं हात आत करून हवेतल्या चेंडूला स्पर्श केला, आणि चेंडू त्या वेळी रेषेच्या आत असेल, तर फेअर. रेषा स्वतः फेअर, बेसही फेअर, होम प्लेटही फेअर. प्लेटला लागून आत थांबलेला चेंडू फाउल देणारे पंच मी अजून बघतो.

सरपटता चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या अलीकडे बाहेर गेला तर फाउल, बेसवरून किंवा बेसच्या आतून पुढे जाऊन मग बाहेर गेला तर फेअर. हवेतला चेंडू बेसच्या पलीकडे पहिल्यांदा जमिनीला जिथे लागेल तिथला निकाल.

फेअर असेल तर तोंड बंद ठेवून फक्त हातानं आत दाखवा. 'फाउल' मात्र मोठ्यानं ओरडायचा. का? कारण गोंधळात 'फेअर' हा शब्द 'फाउल' ऐकू येतो आणि सगळे थांबतात. 'फाउल' तोंडातून गेला की पळणारा रनर थांबतो, फिल्डर चेंडू सोडतो. मग तुम्ही "नाही नाही, फेअर" म्हटलंत तरी कोण कुठे पोचला असता याचा हिशेब देवालाही लागत नाही. शंका असेल तर एक क्षण जास्त घ्या.

जिथे नियमाचं घोडं अडतं

सगळे नियम इथे घेत नाही. आमच्या सामन्यांत भांडणं होतात ती थोड्याच नियमांवर, तेवढे घेतो.

सॉफ्टबॉलमधून आलेल्या पंचाचा हात सगळ्यात आधी इथे चुकतो: सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, बेसबॉलमध्ये तो हवा तेवढा लीड घेऊ शकतो. लीड घेतलेल्या रनरला 'बेस सोडला' म्हणून आऊट दिल्याचं मी पाहिलंय. रनरची चूक नव्हती, पंचाच्या डोक्यात दुसरा खेळ चालू होता. बॉकचंही, म्हणजे रनरला फसवणाऱ्या पिचरच्या बेकायदा हालचालीचंही, तेच. बेसवर रनर नसेल तर बॉक नाही. रनर असताना सेट पवित्र्यात (टाकण्याआधी चेंडू धरून थांबायच्या पवित्र्यात) पिचर पूर्ण थांबला नाही, रबरवर पाय असताना पहिल्या बेसला खोटा थ्रो दाखवला, बेसकडे पाऊल न टाकता थ्रो केला, तर बॉक. पण बॉक म्हटल्या म्हटल्या खेळ थांबवू नका. त्या पिचवर बॅटरसह सगळे एक बेस पुढे गेले असतील तर बॉक सोडून द्यायचा असतो.

इनफिल्ड फ्लाय. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर (किंवा तिन्ही भरलेले), दोनपेक्षा कमी आऊट, आणि एखादा इनफिल्डर सहज पकडू शकेल असा उंच फेअर चेंडू. बंट (बॅट न फिरवता नुसता टेकवून मारलेला) किंवा सपाट मारलेला चेंडू यात येत नाही. चेंडू वर असतानाच, उतरायला लागायच्या सुमाराला पंचानं ओरडायचं, रेषेजवळ असेल तर "फेअर असेल तर" जोडून. बॅटर आऊट, रनरवरची (मागून येणाऱ्यासाठी बेस सोडून पळायची) सक्ती उठते, पण चेंडू जिवंत राहतो, म्हणजे खेळ चालूच. इथे सगळ्यात मोठी चूक उशिराची. ५ ऑक्टोबर २०१२ ला अटलांटातल्या वाइल्ड कार्ड सामन्यात डाव्या आउटफिल्डच्या बाजूला बराच खोल गेलेल्या चेंडूवर, तो खाली पडायच्या बेतात असताना इनफिल्ड फ्लाय दिला गेला. प्रेक्षकांनी बाटल्या आणि कचरा मैदानात फेकला आणि सामना थांबवावा लागला. आपल्याकडे बाटल्या पडत नाहीत, पण लोक मैदानात येतात.

तिसरा स्ट्राइक कॅचरकडून निसटला, आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट झाले असतील, तर बॅटरला पळता येतं. इथे पंचाची खूण अशी हवी की आंधळ्यालाही कळेल. १२ ऑक्टोबर २००५ ला शिकागोत पंच डग एडिंग्स यांनी तिसऱ्या स्ट्राइकला मूठ वर केली. ती त्यांची स्ट्राइकची नेहमीची खूण होती, पण पाहुण्या एंजल्स संघाचा कॅचर जॉश पॉल तिला आऊट समजला, त्यानं चेंडू पिचरकडे घरंगळवला आणि बाहेर निघाला. बॅटर ए. जे. पिअर्झिन्स्की पहिल्या बेसला पळाला, आणि थोड्याच वेळात त्याच्या जागी आलेल्या रनरनं जिंकणारी रन केली. म्हणून मी अशा वेळी आधी स्ट्राइकची खूण करतो, मग चेंडू पकडला असेल तर स्वतंत्रपणे आऊटची मूठ, आणि निसटला असेल तर हात आडवे करून मोठ्यानं "पकडला नाही!" एकाच हावभावात दोन अर्थ कोंबायचे नाहीत.

बाहेर गेलेला थ्रो: 'एक मिळालेला आणि एक जादा' असा काही नियम नाही. इनफिल्डरचा पहिलाच थ्रो मैदानाबाहेर गेला तर रनरला दोन बेस, मोजायचे पिच झाली तेव्हा रनर जिथे होता तिथून. नंतरचा थ्रो किंवा आउटफिल्डरचा थ्रो असेल तर हातातून सुटला त्या क्षणी रनर जिथे होता तिथून. एखादा बारीक अपवाद आहे, पण शंभरात नव्याण्णव वेळा हे पुरतं. पिचरनं रबरवर पाय ठेवून केलेला थ्रो बाहेर गेला तर एकच बेस.

हात म्हणजे बॅटचाच भाग, हाही एक गैरसमज. बॅट फिरवताना चेंडू हाताला लागला तर स्ट्राइक आणि चेंडू मृत, म्हणजे खेळ थांबला. फाउल नाही, बेसही नाही. फाउल टिप म्हणजे साधा फाउल नव्हे. बॅटला निसटता लागून सरळ कॅचरकडे गेला आणि त्यानं पकडला तर तो स्ट्राइक, चेंडू जिवंत, आणि रनरनं चोरलेला बेस त्याचा. फोर्सचं, म्हणजे त्या पळायच्या सक्तीचं, एक लक्षात ठेवा: मागचा रनर आऊट झाला की पुढच्याची सक्ती संपते. फर्स्ट बेसमननं आधी बेसवर पाय ठेवून बॅटरला आऊट केलं आणि मग दुसऱ्या बेसला थ्रो केला, तर तिथे टॅग लागतो, नुसता पाय चालत नाही.

आणि आमच्यातल्या मास्तरांसाठी खास: रनरचा बेसवर पाय लागला नाही तर गप्प राहा. बॅटर चुकीच्या क्रमानं आला तर गप्प राहा. हे अपीलचे विषय आहेत. विरोधी संघानं विचारल्यावरच निकाल द्यायचा. दिवसभर पोरांना "अरे पाय लाव!" म्हणून शिकवणाऱ्या माणसाला हे गप्प राहणं फार जड जातं. मी एकदा बोलून गेलो होतो. पोरगं परत फिरून बेसला शिवलं, आणि समोरच्या प्रशिक्षकानं मला हात जोडले. ते नमस्कारासाठी नव्हते.

चूक झाली तर

होणारच. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गॅलारागानं सलग २६ बॅटर आऊट केले होते. सत्ताविसावा आऊट झाला की परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर पोचू न देता संपवलेला सामना, पिचरच्या आयुष्यातली फार दुर्मिळ गोष्ट. पहिल्या बेसवर पंच जिम जॉइस यांनी रनर सेफ दिला. तो आऊट होता. सामना संपल्यावर व्हिडिओ बघून जॉइस यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि पिचरची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस प्लेटमागे होते आणि संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला गॅलारागा स्वतः आला. जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होतं. निकाल मात्र बदलला नाही. मेजर लीगमध्ये रिप्लेची व्याप्ती वाढली ती २०१४ पासून.

रिप्ले नसलेल्या आपल्या मैदानावर करायचं ते असं. निकाल ज्यानं दिला त्यानंच तो बदलायचा, दुसऱ्यानं लांबून हात हलवायचा नाही. फर्स्ट बेसमनचा पाय बेसवरून उठला होता का, टॅगनंतर चेंडू पडला का, अशा गोष्टी जोडीदाराला जास्त चांगल्या दिसलेल्या असू शकतात. तेव्हा दोघांनी बाजूला जाऊन, पाठ गर्दीकडे करून, हळू बोलायचं. साधा 'आधी चेंडू की आधी पाय' हा प्रश्न विचारायला जायचं नाही. तिथे तुमचीच जागा चांगली असते. पुढच्या निकालात 'भरपाई' तर अजिबात करायची नाही. एका संघाला नकळत दिलेला फटका दुसऱ्याला जाणूनबुजून दिलात तर आता दोन चुका झाल्या, आणि दुसरी बेइमानीची.

वाद घालायला मुख्य प्रशिक्षक एकटाच येईल हे सुरुवातीलाच सांगून ठेवा. तो आला की मास्क काढा, हात मागे, पूर्ण ऐका. नियमाचा प्रश्न असेल तर नियम सांगा. तुम्ही काय पाहिलं याचा प्रश्न असेल तर एकदाच सांगा: "मला पाऊल आधी दिसलं." तो पुन्हा तेच बोलला की "झालं सर, खेळ सुरू करू." आवाज चढवू नका. कोल्हापूरकर आवाज चढवायला लागला की थांबत नाही, आणि त्या शर्यतीत पंच कधीच जिंकत नाही. एकदा एक प्रशिक्षक तावातावानं येऊन म्हणाला, "सर, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय म्हणून गप्प हाय." मी म्हटलं, "मग आज पण गप्प राहा की." दोघंही हसलो आणि पुढची पिच झाली. प्रत्येक वेळी असं जमत नाही.

सराव कसा करायचा

खेळाडू रोज सराव करतात, पंच करत नाहीत. पिचर वॉर्म-अप करतो तिथे जाऊन मास्क लावून कॅचरमागे उभं राहा, पन्नास पिचवर मनातल्या मनात निकाल द्या, आणि कॅचरला विचारा. मोबाइल जाळीमागे प्लेटच्या रेषेत लावा आणि घरी जाऊन स्वतःचं डोकं बघा, चेंडू नव्हे. पहिल्यांदा बघाल तेव्हा डोकं किती नाचतंय हे पाहून लाज वाटेल. मलाही वाटली होती.

वर्षातून एकदा नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढा. आणि एक वही ठेवा. दर सामन्यानंतर चहा घेताना तीन ओळी: कोणता निकाल खटकला, मी कुठे उभा होतो, हात कधी उचलला. वर्षाच्या शेवटी ती वही वाचली की आपली ठरलेली चूक नावासकट सापडते. माझ्या वहीत 'घाई' हा शब्द पहिल्या दोन वर्षांत पानोपान आहे, मग हळूहळू कमी झालाय. मागच्या सामन्याच्या पानावर एवढंच आहे: 'चौथी इनिंग, खालच्या पिचला मान गेली. कॅचर उंच, समोरचं दिसत नाही.' रविवारी कॅचर तोच आहे. बॅटरच्या बाजूला अजून चार बोटं सरकून उभं राहावं लागेल.